खावचो नाय तर धरूचो कित्याक?

मंडळी, गेले तीन वीकांत इथे शुकशुकाट होता त्याबद्दल माफी. एक कारण म्हणजे बाबा आलेत भारतातून, आणि ते घरात असताना शनिवारी संगणकासमोर बसलेलं त्यांना अजिबात खपत नाही. ("हापिस कमी पडला काय?") दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. जे लिहायचं होतं ते लिहायला घेतलं की दर वेळी मीच त्यात बरा माणूस दिसेन अशी वाक्यं सुचायची. तीनदा खोडलं. आता जसं झालं तसं लिहितो, मग माझं जे काही मत बनलंय ते सांगतो.

तर एप्रिलच्या दुसऱ्या वीकांताला बाबांना घेऊन फ्लोरिडा कीजला गेलो होतो. मी राहतो ऑरलँडोजवळ, तिथून आयलामोराडा म्हणजे पाच-साडेपाच तासांची ड्राईव्ह. बाबा एकाहत्तर वर्षांचे. उभी नोकरी एसटीत गेली, पण जीव कायम खाडीत. आमचं गाव देवगड तालुक्यातलं, खाडीकाठचं. सुट्टीच्या दिवशी पाग घेऊन पाण्यात उतरणं किंवा खडपावर बसून गरवणं हा त्यांचा वीकांत. डिस्नेला नेलं तेव्हा ते एका तासात कंटाळले होते, म्हणून या वेळी म्हटलं, जाऊ दे, यांना मासे दाखवू. गाईडसकट बोट ठरवली. सकाळी फ्लॅट्सवर, दुपारी रीफवर, मिळून सहा तास. साडेसातशे डॉलर, वर टिप. बाबांना आकडा सांगितला नाही. तुम्हीही सांगू नका.

ज्यांना फ्लॅट्स ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कीज ही बेटांची माळ. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा बे. बेटांच्या दोन्ही अंगांना मैलोन्मैल उथळ पाणी आहे, कुठे घोट्याइतकं, कुठे कमरेइतकं. तळाला वाळू, चुनखडीचा गाळ आणि समुद्री गवत. भरतीचं पाणी चढायला लागलं की खोल पाण्यातले मासे या कुरणावर चरायला येतात: कोळंबी, कुर्ल्या, शिंपले उकरून खातात. त्यातले तीन मासे म्हणजे इथल्या शौकिनांची देवळंच: बोनफिश, परमिट आणि टार्पन. अटलांटिककडे तीन-चार मैल गेलं की प्रवाळाचे सुटे सुटे ढिगारे लागतात, ते पॅच रीफ. तिथे स्नॅपर आणि ग्रूपर. म्हणजे आपली तांबोशी आणि हेकरू यांची चुलत भावंडं.

गाईड पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. इथे अशा माणसाला कॅप्टन म्हणतात. बाबांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याचं नाव "तांडेल" ठेवलं आणि दिवसभर तेच. त्यालाही ते आवडलं असावं, कारण अर्थ विचारल्यावर तो स्वतःशी दोनदा म्हणून बघत होता. मीही आता तांडेलच म्हणतो.

तांडेलने फ्लॅटच्या कडेला इंजिन बंद करून वर उचललं, मागच्या उंच चौथऱ्यावर चढला आणि एका लांब काठीने बोट रेटायला लागला. आवाज नाही. बाबा एकदम खूश. आमच्या खाडीतला तरवाला बांबूने होडी रेटायचा, अगदी तशी. फरक इतकाच की याच्या हातातली काठी कार्बन फायबरची आणि आमच्या तरवाल्याच्या अख्ख्या होडीपेक्षा महाग.

इथे मासा आधी दिसावा लागतो, मग त्याच्यापुढे आमिष टाकायचं. तांडेल उंचावरून बघतो आणि घड्याळाच्या भाषेत सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले. तो हळूच म्हणाला, "दहा वाजता, चाळीस फूट." बाबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि मला म्हणाले, अजून सव्वाआठच झालेत, दहापर्यंत काय करूचा? :-)

मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पोलराइज्ड चष्मा लावून, डोळे ताणून बघतोय तर नुसतं गवत. बोनफिशच्या अंगाचे खवले आरशासारखे असतात, खालच्या तळाचाच रंग ते परत दाखवतात. मासा दिसत नाही, सावली दिसते. गंमत म्हणजे ती सावली माझ्याआधी बाबांना दिसली. तांडेलने बोट दाखवायच्या आत ते म्हणाले, "थंय बघ, पाणी कसा थरथरता." पन्नास वर्षं बोयांचे थवे बघितलेला माणूस. समुद्र बदलला, भरती दोन मीटरची जाऊन दोन-अडीच फुटांची झाली, तरी पाणी वाचायची नजर तीच. मी पंधरा वर्षं स्क्रीन बघतोय, मला फक्त स्क्रीन वाचता येते. असो.

रॉड माझ्या हातात होता. कोळंबी लावलेला गळ तांडेलने सांगितला तिथे, म्हणजे तिथून सहा फूट डावीकडे, टाकला. दुसऱ्या खेपेला बरा पडला. सावली वळली, थांबली, आणि मग रीळ जे काही किंचाळलं! पहिल्या धावेत त्या माशाने शंभरेक यार्ड दोरी नेली असेल. दोन फूट पाण्यात मासा खाली जाऊ शकत नाही, म्हणून तो लांब पळतो. सात-आठ मिनिटं हे चाललं होतं. मी घामाघूम. बाबा "ढील दी, ढील दी" करून ओरडताहेत. शेवटी मासा बोटीशी आला. सहा पौंडांचा तरी असेल, तांडेल म्हणाला.

आता मूळ गोष्ट.

तांडेल म्हणाला, पाण्यातच धरून गळ काढतो, तू वाकून बघ. मी म्हटलं, फोटो? तो म्हणाला, पाण्यातला काढ, छान येतो. मी म्हटलं, नाही, हातात धरून, बाबा काढतील. त्याने आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, नको, आज इथे शार्क फिरताहेत. मी म्हटलं, एकच, पाच सेकंद. तो गप्प बसला. मग त्याने हात ओले करायला सांगितले आणि मासा माझ्या हातात दिला.

पाच सेकंदांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बाबांना फोनचा कॅमेरा उघडेना. उघडला तर सेल्फीचा. मग ऊन मागून येत होतं म्हणून मी वळलो. मासा एकदा निसटून बोटीत पडला, पुन्हा उचलला. अर्धं मिनिट तरी गेलं असणार, जास्तच, कारण फोनमध्ये नऊ फोटो आहेत आणि पहिल्यातलं ऊन आणि शेवटच्यातलं ऊन वेगळ्या बाजूला आहे.

पाण्यात सोडला तेव्हा तो कुशीवर कलंडला. तांडेलने त्याला सरळ धरून थोडा वेळ पाण्यात ठेवला, शेपटी हलायला लागल्यावर सोडला. तो चालत्या माणसाच्या वेगाने निघाला, जरा वाकडा. वीसेक यार्ड गेला असेल. मग गवतावरून एक पिवळट तपकिरी लांबडी सावली आली, पाणी एकदा उसळलं, आणि झालं. लेमन शार्क, तांडेल म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही. काठी उचलून बोट रेटायला लागला.

बाबांनी थोड्या वेळाने विचारलं, आपण तो ठेवणारच नव्हतो? मी म्हटलं नाही, कायदा आहे, बोनफिश ठेवता येत नाही, धरून सोडायचाच. ते म्हणाले, "खावचो नाय तर धरूचो कित्याक?" आणि मग, फार शांतपणे, "फोटोपायी मेलो तो."

परतल्यावर मी जरा वाचलं. (आपल्याला दुसरं काय येतं?) बहामात एल्युथेरा बेटाजवळ शास्त्रज्ञांनी सोडलेल्या बोनफिशचा माग ठेवला होता, तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडल्यावर ज्या माशांचा तोल जात होता, म्हणजे माझ्या माशासारखे जे कलंडत होते, ते शार्क वगैरेंच्या तोंडी जाण्याची शक्यता तोल सांभाळणाऱ्यांच्या सहा पटींहून जास्त निघाली. तोल का जातो? दमछाक आणि हवेत धरून ठेवणं. शंभर यार्ड धावून आलेल्या माणसाचं नाक दाबून "स्माईल प्लीज" म्हणण्यासारखं आहे ते.

आमच्या धंद्यात रोलबॅक नावाचा प्रकार असतो. व्यवहार अर्धवट फसला तर सगळं पूर्ववत करायचं. नवशिक्याला वाटतं की रोलबॅक झाला म्हणजे काही घडलंच नाही. तसं नसतं. कुलपं अडकलेली असतात, लॉग भरलेला असतो, कुणाला तरी चुकीचा ईमेल गेलेला असतो. "पकडा आणि सोडा" याच्याकडे मी इतकी वर्षं असंच बघत होतो, मासा सोडला म्हणजे हिशेब शून्य. तो शून्य नसतो. आणि ही गोष्ट "सोडला" या शब्दात छान लपते. आपल्याला वाटतं आपण दया केली.

बाबांचा प्रश्न भाबडा वाटत असेल तर सांगतो, स्वित्झर्लंडने तो कायद्यात घातलाय. २००८ मध्ये लागू झालेल्या तिथल्या प्राणी संरक्षण नियमांत, परत सोडायच्या उद्देशाने मासा धरायला मनाई आहे. खायचा असेल तर धरा, नाही तर त्याच्या वाटेला जाऊ नका. देवगडच्या निवृत्त एसटी कंडक्टरचं आणि स्विस सरकारचं एकमत! मलाही आठवडाभर ते पटलं होतं. परत बोनफिशच्या वाटेला जायचं नाही असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

पण कीजचा विचार केला की ते उत्तर पुरत नाही.

फ्लोरिडाने २०१३ मध्ये बोनफिश आणि टार्पन हे दोन्ही "पकडा आणि सोडा" गटात टाकले. (टार्पनला अपवाद आहे, विक्रमाच्या नोंदीसाठी पन्नास डॉलरचा परवाना घेऊन.) बेलीझने तर २००९ मध्येच परमिटसकट तिन्ही माशांसाठी तसा कायदा केला. याच्यामागे भूतदया नव्हती, हिशेब होता. मेलेला बोनफिश एकदाच कामाला येतो, आणि खाणारे सांगतात की काट्यांमुळे तेही धड नाही. जिवंत बोनफिश मात्र दर आठवड्याला कुणाकडून तरी साडेसातशे डॉलर काढतो. २०१३ च्या सुमाराच्या एका आर्थिक अहवालात कीजमधल्या फ्लॅट्सवरच्या मासेमारीची वर्षाची उलाढाल ४२ कोटी ७० लाख डॉलर धरली होती. ही रक्कम तांडेल, हॉटेलवाले, आमिषवाले, बोटी दुरुस्त करणारे यांच्यात वाटली जाते.

आणि हे लोक पाण्यावर नजर ठेवून असतात, हा माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग. फ्लोरिडा बे बिघडला त्याचं मूळ गळात नाही, उत्तरेला आहे. ओकीचोबी तळ्याचं पाणी एव्हरग्लेड्सच्या गवतातून संथ वाहत दक्षिणेला या खाडीत यायचं. कालवे खणून ते पूर्व-पश्चिमेला वळवलं. १९२८ मध्ये टॅमियामी ट्रेल हा रस्ता पुरा झाला, तो म्हणजे या प्रवाहाला आडवा घातलेला बांधच. गोडं पाणी अडलं. कोरड्या, तापलेल्या वर्षी खाडी समुद्रापेक्षाही खारट होते आणि गवत मरतं. १९८७ मध्ये मेलं, २०१५ मध्ये परत हजारो एकर मेलं. गवत मेलं की कोळंबी नाही, कुर्ली नाही, मग बोनफिश कशाला येईल? पाणी परत दक्षिणेकडे वळवायची योजना अमेरिकन संसदेने २००० मध्ये मंजूर केली, तिचं काम अजून चालू आहे. २०१५ नंतर या पाण्यासाठी जे लोक राजधानीत जाऊन भांडले त्यांत गाईड पुढे होते. कामाचा दिवस बुडवून. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे तोच भांडतो, बाकीचे आपण लेख लिहितो.

२०२२ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. दक्षिण फ्लोरिडातल्या ९३ बोनफिशच्या तपासणीत दर माशामागे सरासरी सात औषधं सापडली. रक्तदाबाची, नैराश्याची वगैरे. एका माशात सतरा. आपण घेतो, संडासातून जातात, मैलापाण्याच्या केंद्रात अडत नाहीत. बाबा स्वतः रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तेका माझ्यापेक्षा जास्त गोळये?"

तर स्विस कायदा इथे आणला तर काय होईल? बोनफिशच्या मागे कुणी जाणार नाही. मासे काही दिवस सुखी होतील. आणि पुढच्या वेळी गवत मरेल तेव्हा ते आधी ओळखणारा, आरडाओरड करणारा माणूस फ्लॅटवर नसेल. म्हणून माझं मत असं की हा खेळ चालू राहावा. खेळच आहे हे मात्र मान्य करून. आपण माशाला कारण नसताना दमवतो, त्याबदल्यात त्याच्या पाण्याला राखणदार मिळतो. हा सौदा आहे, दया नव्हे. आणि सौदा म्हटला की अटी नीट लिहिलेल्या हव्यात.

अट कुठली ते सांगण्याआधी दुपारची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मला ते सुचलं.

दुपारी पॅच रीफवर गेलो. पंधरा-वीस फूट पाणी. तांडेलने नांगर टाकलाच नाही. पुढे एक इलेक्ट्रिक मोटर होती, ती जीपीएसवरून बोट एका जागी धरून ठेवते, प्रवाळावर लोखंड पडत नाही. (या मोटरचं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं असेल त्याला माझ्याकडून एक चहा.) वरून खाली बघितलं तर रीफ बरंचसं तपकिरी. २०२३ च्या जुलैत इथल्या मॅनेटी बेमध्ये पाण्याचं तापमान ३८.४ अंशांवर गेलं होतं, म्हणजे ताप आलेल्या माणसाइतकं. त्या उन्हाळ्यात कीजमधलं फांद्यांचं प्रवाळ जवळपास सगळं गेलं. मासे अजून आहेत. किती दिवस, हे तांडेलला विचारलं तर त्याने खांदे उडवले.

इथे मात्र बाबांचं राज्य. कुटाराची गोठवलेली लादी जाळीत घालून बाजूला सोडली, मासे वर आले आणि बाबांनी गरवायला सुरुवात केली. रॉड नको म्हणाले, हातदोरी मागितली. तांडेलकडे होती! यलोटेल स्नॅपर सात, मँग्रोव्ह स्नॅपर चार. प्रत्येक मासा तांडेल पट्टीवर ठेवून मोजायचा. यलोटेल बारा इंचांच्या आत भरला की परत पाण्यात. दोन अर्ध्या इंचाने कमी भरले तेव्हा बाबांनी शेपूट जरा ओढून बघायची सूचना केली, ती मी भाषांतरित केली नाही.

मग एक मोठा लागला. बाबांच्या हाताला दोरी कापली तरी सोडेनात. वर आला तो रेड ग्रूपर, तांबूस, दोन फुटी, तोंड आ वासलेलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी आईच्या हातचं जेवताना बघितलंय फक्त. आणि तांडेल म्हणाला, सॉरी, सोडावा लागेल. या बाजूला जानेवारी ते एप्रिल ग्रूपर बंद.

मला वाटलं आता काही खरं नाही. मी घाबरत घाबरत सांगितलं की बाबा, या महिन्यांत हे मासे विणीवर असतात म्हणून बंदी आहे. बाबांनी माशाच्या पोटावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "गाबोळी आसतली. सोडूक सांग तेका." संपलं. एका सेकंदाचीही कुरकुर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दोन महिने यांत्रिक बोटी बंद असतात, त्याच्याही आधीपासून नारळी पौर्णिमेशिवाय कुणी होडी लोटत नसे. त्यांना यात नवीन काहीच नव्हतं. तांडेलने गळ काढला, मासा पाण्याबाहेर दोन सेकंदही नव्हता. फोटो? मी विचारलं नाही. बाबांनीही नाही. तो सरळ खाली गेला.

परतताना मी त्यांना म्हटलं, सकाळी तर तुम्ही म्हणत होतात खायचा नाही तर धरायचा कशाला, मग हा हसत कसा सोडलात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की इंजिनियर केलं ते फुकट गेलं. ग्रूपर चुकून लागला होता, खायला धरलेला, आणि पिल्लांसाठी सोडला. सकाळचा सोडायलाच धरला होता. दोन्हीकडे मासा पाण्यात परत गेला म्हणून दोन्ही एकच का? मी एव्हाना गप्प बसायला शिकलो होतो.

आता अट. सकाळी तांडेलला सगळं माहीत होतं. शार्क आहेत, मासा दमलाय, हवेत धरला तर वाचणं कठीण. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा गप्प बसला. का? कारण दिवस संपताना टिप मी देणार होतो. पंधरा-वीस टक्के, म्हणजे सव्वाशे-दीडशे डॉलर. वर, नंतर आपण त्याला तारे देणार, पाचपैकी किती. "फोटो काढू दिला नाही" हे एक वाक्य त्याच्या पुढच्या सीझनला भारी पडू शकतं. इथे तज्ज्ञाला ग्राहकाच्या हौसेपुढे मान तुकवावी लागते, आणि ग्राहक म्हणजे मी, ज्याला सावलीसुद्धा दिसत नव्हती.

दुपारी मात्र बारा इंचांची पट्टी आली तेव्हा कुणी हुज्जत घातली का? ग्रूपर सोडताना? तांडेल "सॉरी" म्हणाला आणि विषय संपला, कारण नियम त्याचा नव्हता, सरकारचा होता. वाईटपणा त्याच्याकडे येत नव्हता. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे फार लवकर शिकतो. फॉर्मवर "कृपया चुकीची माहिती भरू नये" असं लिहून कुणी ऐकत नाही. डेटाबेसच चुकीचं घेणार नाही अशी तजवीज करावी लागते. माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली की बिचाऱ्या सपोर्टवाल्याला रात्री फोन येतो.

आणि तजवीज नवीन नाही. चाळीस इंचांपेक्षा मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायचा नाही असा नियम फ्लोरिडात आहेच. माझं म्हणणं एवढंच, तोच नियम बोनफिशला लावा, आकार कितीही असो. जो मासा ठेवायचा नाही असं कायदा सांगतो, तो पाण्यातून उचलायचाही नाही. फोटो हवा तर पाण्यातला काढा, तांडेल खरंच सांगत होता, तोही छान येतो. गाईडला तोंड वाजवावं लागणार नाही, टिपही जाणार नाही.

यावर मित्रांचं म्हणणं आलं की मग गिऱ्हाईक कमी होईल, लोक फोटोसाठीच जातात. जातात, मीही गेलो होतो, नाकारत नाही. पण टार्पनच्या नियमाने कीजमधली गर्दी हटली असं मला तरी दिसलं नाही. दुसरा एक मित्र म्हणाला, कोकणात आधी बघा, तिथे बारक्या आसाच्या जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढून नेतात. खरं आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये अनेक माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, आणि बंदरावर पट्टी घेऊन कोण उभा राहतो हा प्रश्न आहेच. पण तिथल्या माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे आणि माझा हौसेचा होता. हौशीला नियम लावणं सोपं असतं, तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

धक्क्यावर परत आल्यावर तांडेल स्नॅपर साफ करायला बसला. झटझट दोन तुकडे काढायचा आणि डोकं-काटा पाण्यात भिरकवायचा. खाली टार्पन टपून बसलेले. दुसरं डोकं गेलं तसे बाबा उभेच राहिले. "टकली फेकता खंय तो?" तोपर्यंत दिवसभर एक शब्द चढ्या आवाजात न बोललेला माणूस! मी समजावून सांगितलं तेव्हा तांडेलने उरलेली नऊ डोकी धुऊन, बर्फात घालून, वेगळ्या पिशवीत दिली. रात्री भाड्याच्या कॉटेजच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात बाबांनी गावाहून आणलेली आमसुलं काढली, नारळाच्या दुधाचे डबे आम्ही वाटेत घेतले होतेच. फायर अलार्म दोनदा वाजला.

टिप मी दीडशे दिली. फोटोंपैकी आठ पुसले, एक ठेवलाय. इथे लावणार नाही.

पुढच्या वीकांताला हापिसात रिलीज आहे (माशाचं नव्हे), त्यामुळे भेट एकदम पंधरा दिवसांनी. बाबा विचारताहेत, मेच्या एकवरनं ग्रूपर उघडलाय म्हणतत, तर तांडेल काय म्हणता?